एक शनिवार बाबांचा, एक माझा: आता पुढचा पिक्चर कोणता?

कोपऱ्यातली_खुर्ची

गेले चार महिने आमच्या घरात एक करार चालू आहे. दर शनिवारी रात्री एक पिक्चर. एका शनिवारी बाबांच्या पसंतीचा, पुढच्या शनिवारी माझ्या. दुसऱ्याने तो शेवटपर्यंत बघायचा. मधेच उठायचं नाही, फोन हातात घ्यायचा नाही (हे कलम माझ्यासाठी) आणि "हा मरणार बघ" असं आधीच बोलायचं नाही (हे त्यांच्यासाठी).

बाबा ७४ वर्षांचे. नोकरी संपेपर्यंत ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. पेन्सिल हातातून सुटली नाही ती नाहीच. पिक्चर बघतानासुद्धा मांडीवर टपालाचं जुनं पाकीट असतं आणि त्याच्या पाठीवर काहीतरी गिरगटणं चालू असतं. आधी मी चिडायचे. आता नाद सोडलाय.

सुरुवात त्यांनी केली, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'ने. १९५७ सालचा. मी मनात म्हटलं, खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणारे बारा पुरुष, एक खोली, काळापांढरा, मेले मी. तासाभराने मी पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून बसले होते. तो हेन्री फोंडा खिशातून खुनातल्यासारखाच हुबेहूब चाकू काढून टेबलात रुतवतो ना, तिथे माझ्या तोंडून आवाज निघाला. बाबांनी मात्र त्याच्या बऱ्याच नंतर पिक्चर थांबवला आणि म्हणाले, "आता छत दिसायला लागलं बघ. मघाशी दिसत नव्हतं." म्हटलं, झालं, निघाले इमारती मोजायला. पण दुसऱ्या दिवशी वाचलं तर ते खरंच होतं. दिग्दर्शक सिडनी लुमेटने कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या रेषेत आणि शेवटच्या भागात खाली. भिंगंही बदलत नेली, म्हणजे खोली आवळत जातेय असं वाटावं. मी अख्खा पिक्चर बघून मला फक्त "बाई गं, किती उकडतंय यांना" एवढंच जाणवलं होतं.

मग माझी पाळी. मी लावला एक गाजलेला नवा हेरपट. नाव घेत नाही, त्याचे चाहते इथेही असतील. चाळिसाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, "हा आत्ता छतावर होता ना? मग पाण्यात कसा?" मी म्हटलं, "मला तरी कुठे कळलंय." शिवाय रिमोटची कसरत. माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, गाडी उडाली की धावत कमी करायचा. शेवटी बाबांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि "तू वाजव" म्हणाले, जसं काही ते वाद्य आहे.

पुढचं थोडक्यात. 'सेव्हन सामुराई' (त्यांचा) २०७ मिनिटांचा आहे हे ऐकून माझा जीव गेला होता, दोन रात्रींत पाहिला, मला हवा होता त्याहून छोटा वाटला. 'पॅरासाइट' (माझा) त्यांना आवडला. 'बायसिकल थीव्ह्ज' (त्यांचा), यावर नंतर बोलेन. एक सुपरहिरोपट (माझा) दोघांनाही आवडला नाही. आणि मग मी वेडं धाडस केलं, 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' लावला. म्हटलं पंधरा मिनिटांत उठतील. उठले नाहीत! आगीच्या ज्वाळा सोडणारी गिटार बघून हसले, पण उठले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "गेले आणि परत आले. बास. चांगला आहे."

आता मी गोंधळलेय. 'जुने संथ, नवे वेगवान' असं माझं सरळ गणित होतं, ते 'फ्युरी रोड'ने मोडलं. तर विचारायचं असं की यांना नक्की आवडतं काय? आणि दोघांनाही झोप येणार नाही असं आणखी काय आहे, नवं किंवा जुनं? आणि ते आवाजाचं काय करायचं?

अर्ध्यात_झोपते

करारात झोपेचं कलम नाही हे बघून वाईट वाटलं. मी अंतराळातल्या एका भव्य पिक्चरला थिएटरात तीनदा झोपले, आणि तीनही वेळा उठले तेव्हा तेच यान तसंच फिरत होतं.

'रिअर विंडो' लावा. पाय प्लास्टरमधला माणूस, खिडकी, समोरचं घर. मी जागी राहिले, याहून मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. नव्यातला हवा असेल तर 'गॉडझिला मायनस वन'. राक्षस आहे म्हणून नाक मुरडू नका. राक्षस नसतो तेव्हाच तो जास्त चांगला आहे, युद्धातून जिवंत परत आल्याची लाज वाटणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. आणि राक्षसही जबरदस्त आहे. ३५ जणांच्या चमूने ती दृश्यं केली आणि स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर नेलं. दिग्दर्शक स्वतःच इफेक्ट्सचाही प्रमुख होता.

आवाजवाला

रिमोटचं दुखणं घरोघरी आहे, तुमच्या बाबांचं एकट्याचं नाही. मी आवाजाच्या कामात आहे म्हणून जरा लांबण लावतो.

थिएटरसाठी आवाज बांधतात तेव्हा समोर पडद्यामागे मधोमध एक स्पीकर धरलेला असतो, बहुतेक सगळे संवाद त्यातून येतात. स्फोट, संगीत, पाऊस हे डावी-उजवीकडून आणि मागून. हेच मिश्रण घरच्या टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबलं की संवादाची स्वतःची जागा जाते आणि तो सगळ्यांच्या गर्दीत उभा राहतो. त्यात पातळ टीव्हीचे स्पीकर बऱ्याचदा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. म्हणजे नट तुमच्याशी बोलतोय आणि टीव्ही भिंतीशी.

दुसरं म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर. थिएटरात ते चैन असते, कारण तिथे शांतता असते. घरात पंखा चालू असतो. जुने पिक्चर बहुतेक मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणारा, संवाद हाच राजा, बाकीचे त्याच्यापुढे वाकून उभे. शिवाय तेव्हाचे कितीतरी नट रंगमंचावरून आलेले, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकायची सवय असलेले. आताच्या अभिनयात पुटपुटणं हा खरेपणाचा भाग झालाय. माझी तक्रार नाही, पण कानांना कष्ट पडतात.

उपाय सोपे आहेत. ऑडिओच्या यादीत फाइव्ह पॉइंट वन (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा संवाद स्पष्ट करणारा काही पर्याय असेल तर चालू करा, तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज उचलतो. सबटायटल लावण्यात कमीपणा नाही, मी स्वतः लावतो.

आणि एक नाजूक गोष्ट. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, त, फ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. म्हणून बाबा म्हणत असतील, "आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही." अशा वेळी माणूस नकळत ओठ वाचत असतो. समोरच्याचं तोंड दोन-तीन सेकंद दिसलं तर अर्धं वाक्य डोळ्यांनी ऐकता येतं. नव्या पिक्चरमध्ये बोलणाऱ्याची पाठ, अंधार, मग लगेच दुसराच शॉट; ओठ मिळतच नाहीत. एकदा कानांची तपासणी करून घ्या, सहज म्हणून.

काळापांढरा

आवाजाचं झालं, आता चित्राचं. नवा टीव्ही असेल तर त्यात हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय दुकानातूनच चालू होऊन आलेली असते. पिक्चर सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून भरतो. परिणाम असा की 'सेव्हन सामुराई'वाला कुरोसावासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. ती आधी बंद करा. मी एका नातेवाइकांकडे गेलो असताना गुपचूप बंद केली होती. त्यांना अजून वाटतं की टीव्ही आपोआप सुधारला.

नावं सुचवायची तर 'कोर्ट', आपला, चैतन्य ताम्हाणेचा, २०१४. कॅमेरा एका जागी रोवलेला आणि माणसं त्यात येतात-जातात, जसं आपण बाकावर बसून बघत असतो तसं. न्यायालयाला सुटी लागते, दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. आम्ही सगळे उठलो होतो, एकाने तर चप्पलही घातली. आणि पिक्चर पुढे चालू! जे पुढे दिसतं त्यासाठी परत बसावं लागलं. ते सांगत नाही.

त्याच्या जोडीला 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल', २०२३, कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, पाम दोर, मिळालेला. बर्फातलं घर, नवरा खाली पडून मेलेला, बायकोवर खटला. ट्वेल्व्ह अँग्री आवडलेल्या माणसाला हा चालणारच असं मी डोळे मिटून सांगतो. फक्त शेवटी निकाल लागला तरी तुमचा वाद संपणार नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी रविवार आहे ते बरं.

रीळ_संपलं

सगळ्यांची उत्तरं वाचली. ताई, मला एकच विचारायचंय. बाबा पाकिटाच्या पाठीवर काय काढतात ते कधी बघितलंत का?

विचारण्याचं कारण असं. तुम्ही म्हणता 'फ्युरी रोड' वेगवान असूनही आवडला आणि हेरपट आवडला नाही. 'फ्युरी रोड'मध्ये दोन तासांत २७००च्या आसपास कट आहेत. म्हणजे तुमचा हेरपट त्याच्यापुढे कीर्तनासारखा संथ असेल. मग तिथे बाबा का नाही हरवले? कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि कॅमेरामन जॉन सील यांनी ठरवून महत्त्वाची गोष्ट दर शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवली. मॅड मॅक्सचं नाक जिथे, पुढच्या शॉटमध्ये बंदुकीची नळी तिथेच, त्याच्या पुढच्यात नायिका फ्युरिओसाचा डोळा तिथेच. नजरेला पडदाभर शोधत फिरावं लागत नाही. संकलन केलं मार्गारेट सिक्सेलने, मिलरची बायको, जिने त्याआधी एकही अ‍ॅक्शनपट कापला नव्हता. तिला ऑस्कर मिळालं. मला वाटतं मारामारीच्या पिक्चरांची सवय नसल्यामुळेच ती सारखी विचारत राहिली असेल, हा आत्ता कुठे आहे?

हाच प्रश्न तुमचे बाबा विचारत होते ना?

कोपऱ्यातली_खुर्ची

रीळ_संपलं, तुम्ही काय विचारलंत! बाबा पाकिटं टाकत नाहीत, खणात ठेवतात. आत्ता ते फिरायला गेलेत तेवढ्यात काढून पाहिली. चोरी आहे, पण शोधकार्यासाठी.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'च्या पाकिटावर ती खोली आहे. वरून पाहिलेली. मधे टेबल, भोवती एक ते बारा आकडे, खिडक्या, न चालणारा पंखा, प्रसाधनगृहाचं दार, आणि ते दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारी कमान. आठ नंबरच्या, म्हणजे फोंडाच्या, भोवती गोल.

'सेव्हन सामुराई'वर गाव. एका बाजूला कुंपण, एका बाजूला पाणी सोडलेली शेतं, तोडलेला पूल, आणि एक वाट मुद्दाम उघडी ठेवलेली. खाली बारीक गोल काढलेत आणि काहींवर फुल्या. पिक्चरमध्ये तो म्हातारा सामुराई कागदावर डाकूंचे गोल काढून एकेक खोडत जातो. बाबा इकडे त्याच्याबरोबर खोडत होते! आणि आता कबूल करायला हरकत नाही, मीपण मनात मोजत होते. म्हणूनच ते साडेतीन तास गेले.

'पॅरासाइट'च्या पाकिटावर घर उभं चिरून काढलंय. वरचा बंगला, खालची गल्ली, मधे जिने, जिने, जिने. सगळ्यात खाली जे आहे त्यावर बाबांनी दोनदा रेघ मारलीय. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथे डोळे मिटा.)

'फ्युरी रोड' म्हणजे फक्त एक लांब रेघ. टोकाला बाण. खाली त्याच रेघेवर उलटा बाण.

आणि तो हेरपट: चार चौकोन, एकमेकांना कुठेच न जोडलेले, आणि प्रत्येकात प्रश्नचिन्ह. चौथ्या चौकोनात पेन्सिलचं टोक मोडल्याची खूण आहे.

मी तासभर ही पाकिटं पसरून बसलेय.

तिरकस

म्हणजे आता पिक्चरची पसंती बांधकाम परवान्यावर ठरणार? प्लॅन पास तर पिक्चर पास?

रागावू नका, वाचायला मजा आली. पण सिद्धांत इतका गोंडस दिसला की मला खाज सुटते. 'पथेर पांचाली'चा नकाशा काढा पाहू. काशफुलांच्या शेतात अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला धावतात, ते गावाच्या कुठल्या दिशेला आहे? कुणाला पर्वा आहे? पहिल्या दिवसाच्या चित्रीकरणानंतर गुरांनी ती फुलं खाऊन टाकली आणि सत्यजित राय यांना पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. माणूस नकाशासाठी वर्षभर थांबत नाही, फुलांसाठी थांबतो. आणि कॅमेरा धरणारा सुब्रत मित्र तेव्हा एकविशीतला, त्याने त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा हाताळलाही नव्हता. काय मोजमाप घेतलं असेल त्याने?

दुसरं उदाहरण, 'राशोमोन'. जंगलातली एक जागा, तीन माणसं, एक खंजीर. बाबा पाच मिनिटांत नकाशा काढतील. मग तीच घटना चार वेळा चार तोंडांनी ऐकायची. जागा चोख कळते आणि तरी काय झालं ते कळत नाही. गोंधळणं हासुद्धा पिक्चरचा आनंद असू शकतो. फक्त तो दिग्दर्शकाने मुद्दाम दिलेला हवा, त्याच्याही हातून सुटलेला नको.

माझ्याकडून 'परफेक्ट डेज', २०२३. विम वेंडर्सचा. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा माणूस रोज तेच करतो: उठतो, झाडांना पाणी, गाडीत कॅसेट, काम, झाडाच्या पानांतून येणाऱ्या उन्हाचा फोटो. नकाशा काढण्यासारखं काही नाही. कोजी याकुशोचा शेवटचा शॉट बघा, गाडी चालवतानाचा चेहरा. तो कागदावर उतरवून दाखवा म्हणावं.

आणि ताई, 'बायसिकल थीव्ह्ज'वर "नंतर बोलेन" म्हणाला होतात. त्या पाकिटावर काय आहे?

रीळ_संपलं

तिरकसरावांचं अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावर भांडायला येईन कधीतरी.

पण ताई, आता तुम्हाला 'द जनरल' सांगितल्याशिवाय राहवत नाही. बस्टर कीटन, १९२६. मूकपट, म्हणजे रिमोटची कसरत नाही, आवाजवाल्यांना सुटी. सव्वा तासाच्या आसपास. अमेरिकेतलं यादवी युद्ध, एका इंजिन ड्रायव्हरचं लाडकं इंजिन शत्रू पळवून नेतात आणि हा एकटा दुसऱ्या इंजिनावरून पाठलाग करतो. निम्मा पिक्चर रुळांवरून जायचं. उरलेला निम्मा त्याच रुळांवरून परत यायचं, आता हा पुढे आणि शत्रू मागे. यापुढे काही सांगत नाही, तुमच्या त्या एका रेघेच्या पाकिटाशी ताडून बघा.

फक्त एक जागा. कीटन चालत्या इंजिनाच्या अगदी पुढच्या जाळीवर बसलाय, हातात रुळाखालचा लाकडी ओंडका. समोर रुळावर शत्रूने टाकलेला दुसरा ओंडका आडवा. इंजिन थांबवायला आत कुणी नाही. हा हातातला ओंडका असा नेमका फेकतो की तो समोरच्या ओंडक्याच्या टोकावर पडतो आणि दोन्ही उडून बाजूला. यात कसलीही जोडाजोडी नाही, खरं इंजिन, खरा माणूस, खरं लाकूड. चुकलं असतं तर पुढचा पिक्चर नव्हता. जळत्या पुलावरून नदीत कोसळणारं इंजिनही खरं आहे. प्रदर्शित झाला तेव्हा आपटला बिचारा. लोकांना कळायला वेळ लागला.

अर्ध्यात_झोपते

मूकपट? सव्वा तास? माझ्यासाठी हा प्रस्ताव धोकादायक आहे. पण तो ओंडका वाचून आत्ता शोधून बघितला. ठीक आहे. माघार.

कोपऱ्यातली_खुर्ची

दोन शनिवार गेले, अहवाल देते.

आधी उपकार फेडते. स्टिरिओ केलं, नाइट मोड लावला, गुळगुळीतपणा बंद केला. 'रिअर विंडो' बघितला. एकाही वाक्याला रिमोट लागला नाही. बाबांनी समोरची सगळी घरं काढली, मजल्यांसकट, आणि खुन्याच्या खिडकीत इतका वेळ डोकावले की मधे मलाच वाटलं हे आता दुर्बीण मागणार. कानांची तपासणीही झाली. वरच्या पट्टीचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, आवाजवाले. बाबा म्हणतात, "मला ऐकू येतं. तुम्ही नीट बोलत नाही." बघू.

मग 'द जनरल'. ओंडक्याची जागा बाबांनी तीनदा मागे नेऊन पाहिली. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा पुढे सरकून बसले. तिसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत, फक्त मान हलवली, जशी ते एखादी भिंत ओळंब्यात आहे हे बघून हलवतात. पिक्चर संपला तेव्हा पाकिटावर एक लांब रेघ होती. टोकाला बाण. खाली उलटा बाण. मी धावत जाऊन खणातून 'फ्युरी रोड'चं पाकीट आणलं आणि शेजारी ठेवलं. चोरी उघडी पडली, पण त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. दोन्ही पाकिटं बघत राहिले आणि म्हणाले, "हा तर तुझा वाळवंटातला. यांनी ट्रक लावला, त्याने इंजिन लावलं होतं." मधे ८९ वर्षं गेलीत म्हटलं. "मग? रस्ता तोच आहे."

तिरकसराव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाळत होते. 'बायसिकल थीव्ह्ज'चं पाकीट खणात आहे, पण कोरं आहे. त्या रात्री मी बघितलं होतं, पेन्सिल खाली पडलेली आणि त्यांनी ती उचलली नव्हती. शेवटाला बाप गर्दीसमोर रडतो आणि पोरगं त्याचा हात धरतं, तिथे. त्या बापाचं काम करणारा माणूस खऱ्या आयुष्यात कारखान्यातला कामगार, नट नव्हताच. बाबांनी त्याचं काम फार आवडलं एवढंच सांगितलं आणि झोपायला गेले. मी तेव्हा इतकी नव्या-जुन्याच्या गणितात होते की कोऱ्या पाकिटाचं मला काही वाटलंच नाही. तर तुमचा मुद्दा मान्य. 'पथेर पांचाली' यादीत टाकलाय, पण जरा थांबून. दोन कोरी पाकिटं इतक्या लागोपाठ नकोत.

या शनिवारी माझी पाळी, 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' लावतेय. आधी काही सांगायचं नाही हे कलम पाळून मी बाबांना फक्त एवढंच म्हटलं की बर्फात घर आहे, पोटमाळा आहे आणि माणूस नेमका कुठून पडला यावर सगळं अडलंय.

त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं. कपाटावरून मोजपट्टी आणि एक मोठा कोरा कागद काढला. अजून बुधवारच आहे.